स्वादुपिंडाचा तीव्र दाह आणि ग्रामीण विदर्भातील तातडीचे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेड्यात पोटदुखीने अचानक बेजार झालेला माणूस बहुतेक वेळा "गॅस" किंवा "पित्त" समजून घरीच ठेवला जातो. त्यांपैकी काहींना स्वादुपिंडाचा तीव्र दाह झालेला असतो, आणि त्यांच्यासाठी पहिला दिवस फार मोलाचा असतो. रुग्णांचे नातेवाईक, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्यक्ष रुग्णाबाबतचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणजे नेमके काय?

स्वादुपिंड ही ग्रंथी जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी असते. इन्सुलिन तयार करण्याबरोबरच अन्न पचवणारे तीव्र रस तयार करणे हे तिचे काम आहे. एरवी हे रस आतड्यात पोहोचल्यावरच कामाला लागतात. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकल्यामुळे, दारूमुळे किंवा अन्य कारणाने ते ग्रंथीच्या आतच सक्रिय झाले, तर स्वादुपिंड स्वतःच पचू लागते, सुजते आणि त्या सुजेचे परिणाम शरीरभर पसरतात. रक्तवाहिन्यांतील पाणी बाहेर झिरपते, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते आणि धाप लागते.

साधारण ऐंशी टक्के रुग्णांमध्ये आजार सौम्य राहतो आणि ते आठवडाभरात बरे होतात. मूत्रपिंडे, फुप्फुसे किंवा रक्ताभिसरण यांपैकी एखादी यंत्रणा ४८ तासांहून अधिक काळ बिघडलेली राहिली, तर तो आजार गंभीर मानतात. २०१२ मध्ये सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणाने ही रेषा आखून दिली आहे. अशा गंभीर रुग्णांपैकी पाचांतला किमान एक दगावतो. पहिल्या काही तासांत सौम्य आणि गंभीर रुग्ण दिसायला बरेचसे सारखे असतात. म्हणूनच सुरुवातीला प्रत्येक रुग्णाकडे सारख्याच गांभीर्याने पाहावे लागते.

साध्या पोटदुखीपासून हे दुखणे वेगळे कसे ओळखावे?

वेदना बेंबीच्या वर सुरू होते, थोड्या वेळात असह्य होते आणि पाठीत आरपार जाते. पित्ताच्या साध्या त्रासात उलटी झाली की मोकळे वाटते. येथे कितीही उलट्या झाल्या तरी दुखणे हटत नाही. उताणे झोपल्यावर ते वाढते, म्हणून रुग्ण खाटेच्या काठावर बसून, दोन्ही हातांनी उशी पोटाशी दाबून, पुढे झुकलेला दिसतो आणि तपासण्यासाठी आडवे व्हा म्हटले तरी होत नाही. हे बसणे एकदा पाहिले की विसरत नाही.

तास-दोन तासांत न थांबणारी, पाठीत जाणारी आणि उलट्यांसह असलेली पोटदुखी एवढे कारण रुग्णालय गाठण्यासाठी पुरेसे आहे. त्यात धाप लागणे, सहा-आठ तास लघवी न होणे, हातपाय गार पडणे, डोळे पिवळे दिसणे, थंडी वाजून ताप येणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळणे, काढे पाजणे किंवा पोटावर तापलेल्या सळईचे चटके देणे यांतून काहीच साधत नाही, फक्त वेळ जातो. मेळघाटात चटक्यांची ही प्रथा अजून पूर्णपणे संपलेली नाही. तिला नावे ठेवून लोक आपल्यापासून दूर जातात. भूमकाला (पारंपरिक वैदूला) आणि गावातील जाणत्यांना धोक्याची लक्षणे समजावून, "असे दिसले की आधी दवाखाना" एवढे त्यांच्या तोंडून वदवून घेणे अधिक उपयोगी ठरते.

निदान पक्के करण्यासाठी कोणत्या तपासण्या लागतात?

तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान होते : वर सांगितल्यासारखी वेदना, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडातून येणारी पाचकद्रव्ये) सामान्य कमाल मर्यादेच्या तिप्पट वा अधिक असणे, आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दाह दिसणे. म्हणजे वेदना नमुनेदार असेल, तर रक्ताची एक तपासणी पुरते. या दोन तपासण्यांत लायपेज अधिक भरवशाचे, कारण अमायलेज तीन ते पाच दिवसांत खाली येते, तर लायपेज आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ वाढलेले राहते. आपल्याकडे रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, तेव्हा अमायलेज सामान्य दिसले म्हणून आजार नाही असे ठरवण्याची चूक होऊ शकते.

या आजारासारखीच वेदना जठराचा व्रण फुटल्यावर, आतडे अडकल्यावर, गर्भनलिकेतील गर्भ फुटल्यावर आणि काही वेळा हृदयविकाराच्या झटक्यातही होते. म्हणून पोटाच्या वरच्या भागात दुखणाऱ्या प्रौढ रुग्णाचा ईसीजी काढल्याशिवाय त्याला पुढे पाठवू नये.

सीटी स्कॅनबद्दल मोठा गैरसमज आहे. निदानाविषयी शंका नसेल, तर पहिल्या तीन दिवसांत सीटीची सहसा गरज नसते. इतक्या लवकर ग्रंथीचा किती भाग निकामी झाला हे त्यात नीट दिसतही नाही. "सीटी नाही म्हणून येथे उपचार नाहीत" असे सांगून रुग्णाला पहिल्याच तासाला शंभर किलोमीटर दूर धाडण्यामागे वैद्यकीय कारण नसते. सोनोग्राफी मात्र प्रत्येकाची व्हावी, कारण पित्ताशयात खडे आहेत का हे तिच्यातून कळते.

विदर्भात या आजाराची कारणे कोणती?

जगभरात असतात तीच दोन कारणे येथेही पुढे आहेत : पित्ताशयातील खडे आणि दारू. रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) दर डेसिलिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या वर जाणे, काही औषधे, रक्तातील कॅल्शियम वाढणे, पोटाला मार लागणे ही त्यानंतरची कारणे. बिडी-सिगारेटने दारू न पिणाऱ्याचाही धोका वाढतो.

परंतु विदर्भात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत, हा आजार बराच आढळतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत असल्यामुळे पित्तरंजकाचे खडे लहान वयातच तयार होतात, आणि असा खडा नळीत उतरला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीलाही स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. तिच्या कार्डावर सिकलसेल लिहिलेले असते, पोटदुखीचे झटके तिला आधीही आलेले असतात, त्यामुळे याही वेळी "क्रायसिस आहे", म्हणजे सिकलसेलचाच वेदनेचा झटका आहे, असे धरून चालण्याचा मोह होतो. अशा प्रत्येक रुग्णाचे लायपेज किंवा अमायलेज तपासावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यातील नोंदणीचा फायदा घेऊन या रुग्णांच्या पित्ताशयाची सोनोग्राफी वेळच्या वेळी करता येईल.

दुसरी गोष्ट कीटकनाशके. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात ऑर्गेनोफॉस्फरस गटातील औषधांची विषबाधा नवी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, हे सर्वांना आठवत असेल. या विषाने स्वादुपिंडालाही इजा होऊ शकते. विषबाधेचा रुग्ण शुद्धीवर आल्यानंतर पोट दुखत असल्याची तक्रार करू लागला, तर ती विषाच्या उपचारांत हरवू देऊ नये.

हा आजार वाढतो आहे का?

जगाच्या पातळीवर वाढतो आहे. १९६१ ते २०१६ या काळातील अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात नव्या रुग्णांचे प्रमाण दरवर्षी सरासरी ३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ही वाढ युरोप आणि उत्तर अमेरिकेत ठळक होती, आशियात प्रमाण जवळपास स्थिर होते. स्थूलता, खडे, दारू आणि सहज उपलब्ध झालेल्या तपासण्या ही वाढीची कारणे मानली जातात. त्याच वेळी श्रीमंत देशांत या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमी होत गेले आहे. मात्र तेथेही हा आजार सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये या आजाराचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त आहे.

आशियातील आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या ठिकाणी रक्ताची तपासणीच होत नाही, तेथील रुग्ण "पोटदुखी" या नोंदीखाली जातो आणि मोजलाच जात नाही. भामरागड किंवा धारणी तालुक्यात या आजाराच्या नोंदी कमी असतील, तर त्यावरून तेथे आजार कमी आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

गेल्या काही वर्षांत उपचारांत काय बदलले?

बरेच काही बदलले, आणि ग्रामीण भागाच्या दृष्टीने आनंदाची बाब ही की नवे उपचार जुन्यांपेक्षा सोपे आणि स्वस्त आहेत.

सर्वांत मोठा बदल सलाईनबाबत आहे. पूर्वी या रुग्णांना पहिल्या दिवशी भरपूर, जमेल तितके सलाईन द्यावे असे शिकवले जाई. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉटरफॉल चाचणीत, ज्यात भारतातील रुग्णही होते, जोरकस सलाईन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी जास्त झाले, तर बेताने सलाईन दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६.३ टक्के राहिले. आणि जादा सलाईनमुळे आजार मात्र कमी गंभीर झाला नाही. आज रिंगर लॅक्टेट या प्रकारचे सलाईन पसंत करतात. रुग्ण कोरडा पडलेला असेल तर सुरुवातीला किलोमागे १० मिलिलिटर आणि नंतर ताशी किलोमागे दीड मिलिलिटर असे त्या चाचणीतील बेताचे प्रमाण होते. पन्नास किलो वजनाच्या माणसासाठी याचा अर्थ ५०० मिलिलिटरची एक बाटली आधी, आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत साडेतीन बाटल्यांहून थोडे अधिक. एवढ्या बाटल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात असतात. वृद्ध, हृदयरोगी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना यापेक्षाही जपून द्यावे लागते. चैत्र-वैशाखात, पारा ४५ अंशांच्या पुढे असताना वावरातून उचलून आणलेला रुग्ण आधीच कोरडा असतो. त्याची नाडी, जीभ आणि लघवी पाहून प्रमाण ठरवावे लागते.

दुसरा बदल खाण्याबाबत. पाच-सात दिवस उपाशी ठेवणे आता योग्य मानत नाहीत. सौम्य आजारात, उलट्या थांबून भूक लागली की चोवीस तासांच्या आतही मऊ भात, पातळ वरण किंवा खिचडी सुरू करता येते. नातेवाइकांना हे पटायला वेळ लागतो, आणि खरे तर अनेक डॉक्टरांनाही. आतडे रिकामे राहिले की त्याचा पडदा दुबळा होतो आणि जंतू रक्तात शिरण्याचा धोका वाढतो, हे त्यामागचे कारण आहे.

प्रतिजैविकांचेही तसेच. जंतुसंसर्ग झाल्याचा पुरावा नसताना "खबरदारी म्हणून" महागडी प्रतिजैविके देण्याने फायदा होत नाही. निकामी झालेल्या भागात संसर्ग झाला तरी आता पोट लगेच उघडत नाहीत. शक्यतो चार आठवडे थांबून, आधी नळीने पू बाहेर काढून, गरज पडल्यासच पुढची शस्त्रक्रिया करतात. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ही पायरी-पायरीची पद्धत रूढ केली.

वेदनाशामक इंजेक्शन दिल्यास आजार झाकला जातो का?

नाही. निदानासाठी रक्ताचा नमुना आणि सोनोग्राफी आहे. त्यासाठी माणसाला तळमळत ठेवण्याची गरज नाही. ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन यांसारखी इंजेक्शने डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात आणि त्यांनी आजार बिघडत नाही. रक्तदाब कमी असेल किंवा लघवी होत नसेल, तर डायक्लोफेनॅक टाळावे, कारण ते मूत्रपिंडांना त्रास देते. गावातल्या बोगस डॉक्टरने दिलेली "पोटदुखीची सुई" बहुधा हीच असते.

मग ग्रामीण रुग्णालयात नेमके काय होऊ शकते?

पहिल्या दिवसाचे जवळपास सगळे काही. शिरेतून बेताचे रिंगर लॅक्टेट, वेदनाशामक, उलटीचे औषध, गरज असल्यास ऑक्सिजन, ईसीजी, साखरेची तपासणी, आणि दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, श्वासांची गती, ऑक्सिजनची पातळी व लघवीचे मोजमाप. यात अतिदक्षता विभागाशिवाय करता येणार नाही असे काही नाही. लघवी मोजणे हे यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पन्नास किलोच्या रुग्णाला चार तासांत साधारण १०० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ती होत नसेल तर रक्ताचा अहवाल येण्याआधीच धोक्याची सूचना मिळालेली असते.

शहर आणि खेडे यांच्या उपचारांत विषमता कोठे आहे असे विचारले, तर आमचे उत्तर असे की ती मोठ्या यंत्रांपेक्षा या पहिल्या दिवसात अधिक आहे. नागपुरात राहणाऱ्या रुग्णाला दुखणे सुरू झाल्यापासून दोन-तीन तासांत सलाईन आणि वेदनाशामक मिळते. एटापल्लीतील रुग्णाला तेच उपचार, तेवढ्याच किमतीची तीच औषधे, दुसऱ्या दिवशी मिळतात. दरम्यानच्या काळात मूत्रपिंडे बंद पडलेली असतील, तर नंतर मिळणारा व्हेंटिलेटर ते तास भरून काढू शकत नाही.

उशीर नेमका कोठे होतो?

तीन ठिकाणी. घरी, वाटेत, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना.

घरचा उशीर सर्वांना दिसतो आणि दोष देणेही सोपे असते. पण सोयाबीनच्या सोंगणीत दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाणे हा भूमिहीन कुटुंबासाठी लहान निर्णय नसतो. वाटेतला उशीर भूगोलाचा आहे. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक आहे, धारणीहून अमरावतीला पोहोचायला मेळघाटचा घाट ओलांडून दीडशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. तिच्यामुळे मोठा फरक पडला, तरी दुर्गम पाड्यापर्यंत गाडी जात नाही तेथे खाटेची डोली करून किंवा मिळेल त्या काळीपिवळीने मुख्य रस्ता गाठावाच लागतो.

तिसरा उशीर आपल्या हातातला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तेथून जिल्हा रुग्णालयात, तेथून नागपूरला, असा प्रवास करताना प्रत्येक ठिकाणी केसपेपर नव्याने निघतो, रक्त नव्याने काढले जाते, आणि प्रत्येक ठिकाणचे डॉक्टर "पुढे चांगली सोय आहे" म्हणून हात लावण्याचे टाळतात. रुग्णासोबत येणाऱ्या चिठ्ठीवर अनेकदा एकच ओळ असते : "पोटदुखी, पुढील उपचारासाठी रवाना". खाली शिक्का आणि सही. दुखणे कधी सुरू झाले, किती सलाईन गेले, लघवी किती झाली, इंजेक्शन कोणते आणि किती वाजता दिले, यातले काहीच नाही. सकाळी नऊ वाजता निघालेला रुग्ण संध्याकाळी पोहोचतो. वाटेत सलाईनची बाटली संपलेली असते आणि ती बदलायला कोणी नसते. मोठ्या रुग्णालयातील निवासी डॉक्टरला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. चिठ्ठीवर त्या पाच-सहा गोष्टी लिहायला पाच मिनिटे लागतात. पुढच्या रुग्णालयाला आधी एक फोन करणे आणि रुग्णवाहिकेत सलाईन चालू ठेवणे, यांनाही पैसे लागत नाहीत.

कोणत्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे?

सलाईन देऊनही रक्तदाब कमी राहत असेल, लघवी होत नसेल, ऑक्सिजनची पातळी घसरत असेल, गुंगी येत असेल, किंवा वय साठच्या पुढे असून नाडी, श्वास आणि ताप वाढलेले असतील, तर लवकर हलवावे. कावीळ आणि थंडीतापासह दुखणे असेल तर पित्तनलिकेत खडा अडकून संसर्ग झालेला असू शकतो; अशा वेळी दुर्बिणीद्वारे खडा काढण्याची ईआरसीपी ही प्रक्रिया तातडीने लागते. संसर्ग किंवा अडथळा नसेल तर तातडीच्या ईआरसीपीने लाभ होत नाही. ही सोय विदर्भात मुख्यतः नागपूर आणि मोजक्या मोठ्या रुग्णालयांपुरती असल्यामुळे, "तेथे ईआरसीपी होते का" हे आधी फोनवर विचारून मगच रुग्ण पाठवावा. जेथे ती होत नाही अशा ठिकाणी रुग्ण पाठवणे म्हणजे आणखी एक थांबा वाढवणे.

दारू पिणाऱ्या रुग्णाला कमी लेखले जाते का?

दुर्दैवाने, होय. "पिऊन आलाय, उतरली की बरा होईल" हे वाक्य तपासणीच्या टेबलाजवळ ऐकू येते, आणि अशा रुग्णाची नाडीही कधीकधी नीट पाहिली जात नाही. दारू हेच या आजाराचे एक प्रमुख कारण असल्यामुळे, पिणाऱ्याच्या पोटदुखीकडे अधिक लक्ष द्यायला हवे. घरचे लोकही लाजेने दारूची गोष्ट लपवतात. ती सांगावी. दारू एकाएकी सुटल्यावर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे त्रास होऊ शकतात, आणि डॉक्टरांना माहिती असेल तर ते आधीच औषध सुरू करतात.

दारूबंदीने हा प्रश्न मिटतो का, असेही विचारले जाते. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मधील बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. बंदीच्या जिल्ह्यांत मोहाची आणि हातभट्टीची दारू मिळतच राहते, मात्र गावागावांतील महिलांच्या संघटनांनी जेथे विक्री खरोखर रोखली आहे तेथे फरक दिसतो. रुग्णालयाच्या दृष्टीने एक अडचण अशी की बंदीच्या जिल्ह्यात रुग्ण दारूविषयी खरे बोलायला अधिकच घाबरतो. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगावे की हा प्रश्न उपचारासाठी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळे काही घडते का?

पित्ताचे खडे स्त्रियांमध्ये, विशेषतः बाळंतपणांनंतर, जास्त होतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखण्याचे झटके कित्येक महिने येत राहतात आणि बाई ते "पित्त" म्हणून अंगावर काढते. घरात पैसा, वेळ आणि सोबतीला माणूस हे तिन्ही आधी इतरांसाठी खर्च होतात. आशाताईंनी गृहभेटीत या झटक्यांबद्दल मुद्दाम विचारावे. त्या टप्प्यावर एक सोनोग्राफी झाली तर पुढचा मोठा आजार टळू शकतो. गरोदरपणातही हा आजार होऊ शकतो. सहाव्या-सातव्या महिन्यातील तीव्र पोटदुखी ही प्रत्येक वेळी कळाच असतात असे नाही.

भाषेमुळे उपचारांत अडचण येते का?

येते. माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या रुग्णाला दुखणे "पाठीत आरपार जाते" हे मराठीत सांगता येईलच असे नाही, आणि याच एका वाक्यावर निदानाची दिशा ठरते. त्या भागातील परिचारिका, सफाई कर्मचारी किंवा गावचा शाळेत शिकणारा मुलगा दुभाषी म्हणून बोलवावा. तोही नसेल तर कोठे दुखते ते बोटाने दाखवायला सांगावे, आणि रुग्ण कसा बसला आहे याकडे पाहावे.

खर्चाचे काय? कोणत्या योजना लागू होतात?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार निःशुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानुसार प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांचाही तिच्यात समावेश केला आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होताच त्यांना भेटावे. तातडीच्या प्रसंगी कागदपत्रे हातात नसतानाही दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची तरतूद आहे, त्यामुळे शिधापत्रिका आणायला गावाकडे परत माणूस पाठवून उपचार थांबवण्याची गरज नाही. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. सिरोंचाकडील लोक तेलंगणात आणि धारणीकडील लोक मध्य प्रदेशात उपचारासाठी जातात, कारण ते जवळ पडते. तेथे ही योजना चालेल का, हे निघण्यापूर्वी याच क्रमांकावर विचारून घ्यावे.

योजनेबाहेरचा खर्च मात्र कुटुंबाला मोडतो : गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बुडालेली मजुरी. गंभीर रुग्ण महिना-दीड महिना दाखल राहतो, तेव्हा कधी बैल, कधी दागिना विकला जातो. जवळच्या रुग्णालयात सौम्य रुग्णाचे उपचार व्हावेत या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

बरे झाल्यावर हा आजार पुन्हा होतो का?

कारण दूर केले नाही तर होतो, आणि विषमतेची दुसरी मोठी जागा हीच आहे. खड्यांमुळे सौम्य दाह झालेल्या रुग्णाचे पित्ताशय त्याच भरतीत काढावे. नेदरलँड्समध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याच भरतीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांना पुन्हा खड्यांचा त्रास झाला वा मृत्यू आला. साधारण महिनाभराने शस्त्रक्रिया ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. आपल्याकडे "दीड महिन्याने या" असे सांगून सुट्टी देतात. तोवर दुखणे थांबलेले असते, पेरणी किंवा कापूस वेचणी आलेली असते, आणि रुग्ण येतो तो थेट दुसऱ्या झटक्यानंतर. शहरातल्या माणसाला दीड महिन्याने परत येणे जमते. चिखलदऱ्याच्या पाड्यावरील माणसाला ते तितके सोपे नाही. म्हणून लांबून आलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया त्याच भरतीत व्हावी यासाठी नातेवाइकांनी विचारणा करावी आणि डॉक्टरांनीही प्रयत्न करावा.

दारूमुळे झालेल्या आजारात केवळ "दारू सोडा" एवढे एकदा सांगून भागत नाही. फिनलंडमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर सहा महिन्यांनी पुन्हा बोलावून समुपदेशन केलेल्या रुग्णांना एकदाच समुपदेशन झालेल्यांपेक्षा कमी वेळा आजार उलटला. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि गडचिरोलीतील मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमासारखे उपक्रम यासाठी आहेत.

नवी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याने चित्र बदलेल का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील जी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली ही विदर्भातील पाच आहेत. तज्ज्ञ आणि अतिदक्षता खाटा जवळ आल्या तर गंभीर रुग्णांचा फायदा निश्चित आहे. तथापि त्यांच्या भरवशावर तालुक्याची रुग्णालये दुबळी ठेवली, तर रुग्ण तेथेही उशिराच पोहोचेल. ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास अमायलेज किंवा लायपेज तपासता येणे, रात्री फोनवर सल्ला देणारा फिजिशियन असणे आणि परिचारिकांकडे लघवी मोजण्याचा तक्ता असणे, या तीन मागण्या ग्रामसभेतून आणि रुग्ण कल्याण समितीतून करता येण्याजोग्या आहेत.

सुट्टी मिळून घरी गेल्यावर कशाकडे लक्ष द्यावे?

पोटात पुन्हा दुखणे, ताप, सतत उलट्या, कावीळ, किंवा तीन-चार आठवड्यांनी पोटाच्या वरच्या भागात फुगार जाणवून थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, यांपैकी काही झाले तर लगेच दाखवावे. शेवटच्या प्रकारात स्वादुपिंडाभोवती पाण्याची गाठ झालेली असू शकते. काहींना पुढे मधुमेह होतो, म्हणून तीन महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा साखर तपासावी. ती उपकेंद्रातही होते. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारे होत असेल आणि वजन उतरत असेल, तर पाचकरसांची कमतरता असते व त्यावर गोळ्या मिळतात. सुट्टीचे कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल आणि रक्ताचे अहवाल एका पिशवीत शिधापत्रिकेजवळ ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात नेले तरी तेथील डॉक्टरला पहिल्या पाच मिनिटांत मागचे सगळे कळेल.